सात स्पेस

येशूच्या तोंडात मी एकदा माझ्या पदरचा शब्द घातला, आणि तोही टायपिंगच्या चाळीस स्पीडने. आम्ही विहारात जाणारी बौद्ध माणसं. येशूशी माझं वाकडं नव्हतं, तशी ओळखही नव्हती. वय बावीस. पर्समध्ये मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट आणि डोक्यात भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीची हवा. घरात नळ असलेल्या मुलीला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. आता गुडघे बोलतात आणि मी ऐकते, तेव्हा त्या मुलीची गंमत वाटते. कधीकधी तिला एक ठेवून द्यावीशीही वाटते.

ऐंशीनंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. माझी मोठी बहीण चंद्रपूरकडच्या मूल गावी दिलेली, भाऊजी तिथल्या राइस मिलमध्ये. तिच्याकडे मी 'नोकरी लागेपर्यंत' म्हणून जाऊन राहिले होते. गाव संपून भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं, सुरू होतात तिथे मिशनच्या जुन्या शाळेतले एक निवृत्त मास्तर राहत. एकटेच. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांना टायपिस्ट हवी होती. ताईने मला सांगितलं, 'जा, म्हातारा सरळ आहे, फक्त येडा आहे.'

सरळ होते ते खरंच. वेडाचं अजून मला ठरवता आलेलं नाही.

नाकावर दोन चष्मे, एकावर एक. मोतीबिंदू पिकत आला होता. चंद्रपूरला जाऊन ऑपरेशन करून घ्या, असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'एवढा एक शब्द होऊ द्या.' बाराही महिने गळ्याला मफलर, उन्हाळ्यात ओला करून. कागद विकत घेणं हे त्यांना पाप वाटे. शाळेतल्या तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका त्यांनी गोळा करून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत. एका बाजूला ग्रीक व्याकरण, दुसऱ्या बाजूला चौथीतल्या पोराचा 'आमची गाय'. पहिल्याच दिवशी मी उलटी बाजू घेऊन बसले आणि डोळे मिटल्यासारखी गाय टाइप करून मोकळी झाले. मास्तरांनी पान डोळ्यांजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, 'निबंध बरा हाय. पन मत्तयचा नाई.'

तर मत्तयचं शुभवर्तमान ते आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीच्या बोलीत आणत होते. त्यांच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुण्याकडच्या मराठीतलं बायबल समजे, पण ते वाचताना तहसीलदाराशी बोलल्यावानी वाटते, असं त्यांचं म्हणणं. सगळं पुस्तक होऊन बसलं होतं. एक शब्द सोडून. आणि तो सोडून अकरा वर्षं झाली होती.

तो शब्द त्यांच्या प्रार्थनेतला. 'रोजची भाकर दे' असं ते देवाला म्हणतात ना, त्यातल्या 'रोजची'च्या जागचा. भाकरीचा निकाल मास्तरांनी तीन दिवसांत लावला होता. इथला माणूस भात खातो, त्याला भाकरीचं काय, म्हणून 'जेवन'. अडलं ते आधीच्या शब्दावर. मूळ ग्रीकमध्ये तिथे आहे 'एपिऊसिओस'. मला तो शब्द आजही पाठ आहे. नातवंडांची नावं मी चुकते, तो चुकत नाही. मास्तर सांगायचे की 'रोजचं' म्हणायला ग्रीकमध्ये साधे, बाजारातले शब्द होते, मग हाच का घेतला? हा तर त्या प्रार्थनेबाहेर कुठे भेटतच नाही. जुन्या काळच्या ग्रीक जाणकारांनीसुद्धा लिहून ठेवलंय की लोकांच्या तोंडी आम्ही हा ऐकलेला नाही. कुणी अर्थ करतं 'जगण्यापुरतं', कुणी 'आजच्या दिवसाचं', कुणी 'येणाऱ्या दिवसाचं', म्हणजे उद्याचं. आता उद्याचं धरावं, तर त्याच अध्यायाच्या शेवटी तोच येशू सांगतो की उद्याची चिंता करू नका. मग उद्याचं मागायचं कसं?

'शब्द म्हंजे पाहुणा,' ते म्हणायचे. 'आल्या आल्या ताट वाढू नये. आधी गाव विचारावं. याचं गावच सापडून नाई राह्यलं, पोरी.'

हे त्यांनी स्वतःशी ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. ते येईल त्याला विचारत. दूधवाल्याला, पोस्टमनला, बैलबाजारातून परतणाऱ्या माणसाला. देवाजवळ मागतोस ते आजचं का उद्याचं? एसटीचा एक कंडक्टर त्यांना पाहिलं की लांबूनच ओरडायचा, 'मास्तर, परवाचं.' आणि रविवारी देवळात सगळे मिळून प्रार्थना म्हणत तेव्हा ती ओळ आली की मास्तर तोंड मिटून घेत. ओळ संपली, क्षमेची ओळ लागली, की पुन्हा सुरू. अकरा वर्षं. पाद्रीसाहेब त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांना हा अपमान वाटे. मास्तरांची बाजू अशी की ज्याचा अर्थ मला ठाऊक नाही ते मी देवाजवळ मागू कसं? त्यानं दिलंच तर ओळखायचं कसं?

मरायच्या आधी एकदा ती प्रार्थना मधे न थांबता म्हणायची, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली होती. हे त्यांनी मला सांगितलं ते उन्हाळ्यात, पाण्याच्या माठाला टेकून बसले असताना, कोणी दुखणं सांगावं तसं. मी हूं म्हटलं आणि रिबन बदलत राहिले.

प्रत्येक प्रतीत त्या शब्दाच्या जागी मला रिकामं सोडायला लागे. 'सात स्पेस सोड,' ते सांगायचे. सातच का, असं मी विचारलं तर म्हणाले, कोन येते कोनाले ठाऊक, आल्यावर ऐसपैस बसता आलं पायजे. सात वेळा स्पेसबार दाबायचा: टक टक टक टक टक टक टक. चार वेळा अख्खं पुस्तक टाइप केलं, चारही वेळा ती सात टकटक. मला तिचा वीट आला होता. घरी ताई पोळपाटावर लाटणं आपटायची तरी मी मोजायला लागायचे.

मग नागपूरच्या ज्या मंडळींनी पुस्तक छापायचं कबूल केलं होतं त्यांचं तिसरं पत्र आलं. महिनाअखेर साफ प्रत आली नाही तर कागद दुसऱ्या पुस्तकाला जाईल. मास्तरांनी दोन दिवस मला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जागा सोडून तशीच पाठव. निदान बाकीचं तर लोकांच्या हाती पडेल.

ती शेवटची प्रत मी टाइप करत होते. त्या ओळीवर आले आणि बोटं थांबली. मनात काय आलं ते सांगते, लाज सोडून. मनात आलं की हे नागपूरला छापून येणार, लोक ती फट पाहणार आणि म्हणणार, टायपिस्टने शब्द गाळला. माझं नाव पुस्तकात कुठेही येणार नव्हतं, तरी मला माझ्या नावाची काळजी पडली. शिवाय म्हाताऱ्याचं आपण भलंच करतोय असंही वाटलं. अकरा वर्षं जे याला जमलं नाही ते आपण एका झटक्यात करून टाकू. मी टाइप केलं, 'आमचं रोजचं जेवन आज आमाले दे.' मास्तरांनी पान तपासायला घेतलं, दोन्ही चष्म्यांपुढे धरलं, आणि खाली ठेवून म्हणाले, 'तूच पाह्य पोरी. मले आता ओळी नाई दिसत, नुसत्या मुंग्या दिसतात.'

'पाहिलं,' मी म्हणाले. आणि पोस्टात टाकून आले.

पुस्तकं आली आषाढात. एसटीच्या टपावरून कंडक्टरने गठ्ठे खाली सोडले. तीनशे प्रती, ताडपत्रीत बांधलेल्या. मास्तरांनी एक उघडून आधी नाकाला लावली. मग मला म्हणाले, ती ओळ वाच.

मला मधे थांबून, सात टकटकीएवढी जागा सोडून वाचता आलं असतं. त्यांना दिसणार नव्हतं. मी ते करणारही होते. पण त्यांनी मान अशी पुढे केली होती, शाळेतलं पोर निकाल ऐकायला करतं तशी, की माझ्या तोंडून आहे तेच निघालं.

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं. मग विचारलं, छापखान्यानं टाकला का? मी नाही म्हटलं. मी टाकला म्हटलं.

'बरं,' ते म्हणाले. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. 'किती कापी आल्या?'

'तीनशे.'

'मंग बसू.'

आणि आम्ही बसलो. उत्तरपत्रिकांच्या कडांना कोरी जागा असते, तिथून मी बोटाच्या पेराएवढ्या चिठ्ठ्या कापायच्या आणि प्रत्येक पुस्तकात त्या शब्दावर एक चिकटवायची. मास्तर पान दाबून धरायचे, सुकेपर्यंत. एकेका पुस्तकाला त्यांचा अंगठा. बाहेर झड लागलेली. दमायचे, भिंतीला डोकं टेकायचे, अंगठा मात्र पानावर. मी चार वेळा तरी म्हटलं असेल की तुम्ही पडा, मी करते. ते म्हणायचे, दोघांचा हात लागला होता चुकीले, दोघांचाच लागू दे. त्यांचा हात कुठे लागला होता हे मला तेव्हा समजलं नाही. डोळे नसताना पान न तपासता जाऊ दिलं, हाच त्यांचा हात.

दोन दिवस ताईकडची कणीक आणून खळ शिजवली. तिसऱ्या दिवशी झड इतकी की कणीक भिजेल म्हणून आणलीच नाही. दिवेलागणीला खळ संपली, शंभरेक प्रती उरल्या होत्या आणि मला काम एकदाचं संपवायचं होतं. मास्तरांचा डोळा लागला होता. मी स्वयंपाकघरात गेले.

इथे पार्वताबाईबद्दल सांगायला पाहिजे. पार्वताबाई नाल्याच्या अलीकडच्या झोपडीत राहायची. नवरा नव्हता, लेक दूर मुलचेऱ्याकडे दिलेली. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत राबायची आणि संध्याकाळी मास्तरांचा भात रांधून द्यायची, त्याबदल्यात तिचं जेवण तिथेच. पुस्तकांत तिला काडीचा रस नव्हता. आमच्याकडे बघून एकदा म्हणाली होती, छापलेलं झाकतात तर छापतात काऊन? त्या संध्याकाळी ती तिचं काम उरकून गेलेली होती.

स्वयंपाकघरात चुलीपाशी एक गंज, म्हणजे पातेलं, होता, त्यात पाणी, पाण्यात तळाशी भात. मी कॉलनीतली. आमच्याकडे खरकटं भांडं असं भिजत घालतात, मग घासायला टाकतात. मला वाटलं, बाई घासायचं विसरली. पाणी ओतलं, भात शिजवून मऊ केला, घोटला. काय सुंदर खळ झाली म्हणून सांगू. शंभर प्रती त्या भातावर बसल्या. वर आणि उपकार म्हणून राखेने गंज लख्ख घासून पालथा घातला, आणि शीळ वाजवत घरी गेले. खरंच वाजवत. मला तेव्हा येत होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास गेले तर मास्तर दारात उभे. त्यांनी विचारलं, रात्रीची खळ कायची होती?

मी सांगितलं. भांडं घासलं हेही सांगितलं, कौतुक व्हावं म्हणून.

मास्तर म्हणाले, पार्वताबाई पहाटे आली होती. गंज उचलला, उलटा करून पाहिला, मला विचारलं, भाऊ, यातलं कुठी गेलं? मला माहीत नव्हतं. तिने पदर खोचला आणि गेली.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. पहाटे बायकांची ओळ बांधीत उतरते. जी उशिरा येते तिची जागा दुसरी घेते. सकाळी चूल पेटवायला कुणाला सवड नसते. म्हणून आदल्या संध्याकाळी आधी उद्याचा भात पाण्यात घालायचा, आणि मग आजचं ताट वाढून घ्यायचं. तिच्या झोपडीचं छत गळायचं, कुत्री शिरायची, म्हणून ती गंज मास्तरांच्या चुलीपाशी ठेवायची. मूलच्या कुठल्याही शेंबड्या पोरीला हे माहीत होतं. मला नव्हतं. बरं, मास्तर तर जन्माने तिथलेच. त्यांच्या डोळ्यांदेखत रोज संध्याकाळी तो गंज भरत होता.

मी भात टाकला चुलीवर. मास्तरांनी छत्री शोधली, ती सापडली नाही, मग पोतं डोक्यावर घेतलं. चार वर्षांत ते बांधीच्या वाटेला गेले नव्हते. मी भाताचा डबा घेतला, त्यांनी माझा खांदा धरला, आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आम्ही निघालो. दोनदा ते घसरून बसले. दुसऱ्यांदा बसल्यावर उठेनात. म्हणाले, 'थांब जरा. दम नाई राह्यला.' पाऊस त्यांच्या दोन्ही चष्म्यांवरून वाहत होता. मग उठले.

अकरा बायका कमरेत वाकून मागे मागे सरकत होत्या. एकीने पाहिलं आणि म्हणाली, 'मास्तर, इथी पोथी वाचता का आता?' सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, बरं झालं आलात, या पार्वताबाईचा आज कायचा उपास हाय तेवढं विचारा, आमच्यातला घास घेऊन नाई राह्यली.

पार्वताबाईने मान वर केली नाही. हातातली रोपं लावत राहिली.

मास्तर धुऱ्याच्या कडेला उभे राहिले. मला वाटलं, माफी मागतील. मागायला तर मी पाहिजे होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच. भर पावसात, अकरा बायकांच्या समोर, म्हातारा विचारतो, 'पार्वताबाई, गंजात होतं ते आजचं होतं का उद्याचं?'

बायका पुन्हा हसल्या. ती हसली नाही. कंबर सरळ करून तिने एकदा मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

'ठेवलं तवा उद्याचं होतं, भाऊ,' ती म्हणाली. 'उठली तवा आजचं झालं.'

आणि पुन्हा वाकली.

मास्तर तिथेच चिखलात बसले. वरचा चष्मा काढला, पुसायला कोरडं काही नव्हतं, तो तसाच हातात धरून बसले. मला वाटलं त्यांना भोवळ आली. ते तोंडातल्या तोंडात तो ग्रीक शब्द म्हणत होते, आणि मग आमच्या बोलीतला, आणि मग पुन्हा तो. परतताना एकच बोलले. 'अकरा वर्सं मी साऱ्या गावाले विचारलं. घरात रांधणारीले नाई विचारलं.'

त्या रविवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. विहारातली मुलगी देवळात कशाला, म्हणून ताई चिडली होती. ती ओळ आली. सगळ्यांचा आवाज एकीकडे आणि त्यात एक चिरका, थकलेला आवाज वेगळाच, 'आमचं उद्याचं जेवन आज आमाले दे.' मग न थांबता शेवटपर्यंत. बाहेर आल्यावर पाद्रीसाहेब म्हणाले, मास्तर, अकरा वर्षांनी तोंड उघडलं, तेही उद्याचं मागायला? त्याच अध्यायात चिंता करू नका म्हटलंय, ते विसरलात? मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांना म्हणाले, एकदा रोवणीच्या दिवसांत पहाटे माझ्या चुलीपाशी या. पाद्रीसाहेब काही गेले नाहीत.

चिठ्ठ्यांवर शब्द लिहायला मास्तर तयार झाले नाहीत. मी म्हटलं, आता तर सापडला, लिहून टाकू, तीनशेच तर आहेत. त्यांनी मान हलवली. एवढंच म्हणाले की मला सापडला म्हणजे शब्दाचं गाव माझं झालं नाही, ज्यानं त्यानं शोधावं. एका प्रतीत मात्र त्यांनी स्वतः लिहिला, डोळे नसल्यासारखी वाकडी अक्षरं, चिठ्ठीबाहेर गेलेली, आणि ती प्रत पार्वताबाईला दिली. तिला वाचता येत नव्हतं आणि तिचे देव वेगळे. तिने घेतली, कपाळाला लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी गंजावर झाकण म्हणून ठेवायला लागली. मी मास्तरांकडे चहाडी केली. ते म्हणाले, 'बरोबर जागी गेलं.'

ऑपरेशन त्यांनी केलं नाही. शब्द झाला तरी नाही. आता कायले, म्हणाले. पुढच्या थंडीत गेले. पुस्तकं लोकांनी घरोघरी ठेवली, पण भाताची खळ कसरीला आवडते. दोन पावसाळ्यांनी जिथे जिथे मी भात लावला होता तिथे तिथे किड्यांनी चिठ्ठी खाल्ली, तिच्याखालचा माझा शब्दही खाल्ला. माझ्याजवळ एक प्रत आहे. त्या ओळीत सरळ भोक आहे, पलीकडचं पान दिसतं.

एक सांगायचं राहिलं, म्हणजे मी टाळत होते. बांधीवरून आलो त्याच संध्याकाळी मी ताईकडून डबा भरून घेतला, भात, वरण, वर वांग्याची भाजी, आणि पार्वताबाईच्या झोपडीत गेले. माफीचं भाषण पाठ केलं होतं, कॉलनीतल्या मराठीत. ती पाय शेकत बसली होती. दिवसभर पाण्यात राहून बोटं पांढरी पडलेली. मी भाषण सुरू केलं. तिने ते अर्ध्यावर थांबवलं, डबा घेतला, उघडला, त्यातला अर्धा भात काढून आधी एका वाडग्यात पाण्यात घातला आणि बाजूला ठेवला. मग मला बस म्हणाली. मी पुन्हा म्हटलं की मावशी, मला खरंच माहीत नव्हतं, एवढासा भात होता, मला वाटलं... तिने वाडगा भिंतीकडे सरकवला. मग म्हणाली,

'भात गेला त्याचं काई नाई, बाई. पन राती मी त्याच्याच भरवशावर झोपली होती.'